कुर्दी भाषेतले अभ्यस्त शब्द: एकच शब्द दोनदा म्हटला की नवा शब्द कसा तयार होतो?

रानजाई

घरोघर, हळूहळू, मारामारी, चहाबिहा. असे शब्द आपण दिवसभर वापरतो आणि त्यांच्याकडे लक्षच जात नाही. शाळेत याला अभ्यस्त शब्द म्हणायचे, पूर्णाभ्यस्त, अंशाभ्यस्त, अनुकरणवाचक असे तीन कप्पे, त्यावर दोन मार्कांचा प्रश्न आणि विषय संपला. मी सध्या सोरानी कुर्दी शिकतेय. आमच्या विभागात स्लेमानीहून आलेले एक संशोधक आहेत, ते संध्याकाळी वेळ काढून शिकवतात, आणि त्यांच्या बोलण्यात असे जोडशब्द इतके येतात की मी त्यांची वेगळी वहीच घातलीय. त्या वहीतून हा धागा निघालाय.

आधी थोडी पार्श्वभूमी देते. कुर्दी म्हणजे एकच एक बोली नाही. तुर्कस्तान, सीरिया आणि इराकच्या उत्तरेला कुर्मांजी बोलतात, इराकमधल्या स्लेमानी (नकाशावर सुलेमानिया), हॅवलेर म्हणजे एर्बिल, किरकुक आणि इराणमधल्या सनंदज, महाबाद या भागात सोरानी, आणि त्याच्या खाली कर्मानशाहच्या बाजूला दक्षिणी कुर्दी. स्लेमानी शहर 1784 मध्ये बाबान घराण्यानं वसवलं आणि आजची लिखित सोरानी बरीचशी त्याच शहराच्या बोलीवर उभी आहे. मी लिहितेय ते सगळं या स्लेमानी बोलीबद्दल. कुर्दी इराणी शाखेतली, आपली मराठी भारतीय-आर्य, म्हणजे नातं लांबचं पण रक्ताचं. तिकडे दोनला दू, चारला चुवार, पाचला पेंज, दहाला दॅ म्हणतात.

लिहिण्याची सोय म्हणून: सोरानीत एक आखूड स्वर आहे, आपल्या 'बॅट'मधल्या स्वराच्या जवळचा, तो मी ॅ नं दाखवतेय. सोरानीत दोन ल आणि दोन र आहेत. जाड ल साठी मी ळ वापरलाय आणि घोळवलेल्या र साठी ऱ. त्यांचा जाड ल आपल्या ळ सारखा जीभ मागे वळवून काढत नाहीत, तेव्हा हे फक्त खुणेपुरतं.

आता मुद्द्यावर येते. शब्द दोनदा म्हटला की जोर येतो, हे आपण सहज म्हणून टाकतो, पण कुर्दीत तेवढ्यानं भागत नाही. 'जार' म्हणजे वेळ, खेप. 'जार जार' म्हणजे खूप वेळा असं वाटेल ना? तर नाही, 'जार जार' म्हणजे कधीकधी, अधूनमधून. उलट 'ज़ू' म्हणजे लवकर आणि 'ज़ू ज़ू' म्हणजे वारंवार, 'ज़ू ज़ू देत' म्हणजे तो सारखा येतो, फार लवकर येतो असं नाही. 'कुन' म्हणजे भोक आणि 'कुन कुन' म्हणजे भोकं पडलेलं, जाळी झालेलं, म्हणजे नाम दोनदा म्हटलं आणि विशेषण झालं. 'गुळ' म्हणजे फूल, 'गुळगुळ' म्हणजे फुलाफुलांचं कापड. 'विर्द' म्हणजे बारीक आणि 'विर्दॅ विर्दॅ' म्हणजे हळूहळू, थोडं थोडं करत. माझ्या शिकण्याबद्दल सर, म्हणजे ते स्लेमानीचे संशोधक, म्हणतात 'विर्दॅ विर्दॅ फेर दॅबीत', हळूहळू शिकशील.

म्हणजे इथे शब्दाची जातच बदलतेय. नामाचं विशेषण होतं, विशेषणाचं क्रियाविशेषण होतं. प्रत्यय लावून जे काम व्हायचं ते दुसरी प्रत काढून होतंय. माझं म्हणणं इतकंच आहे की याला भाषेचा अलंकार म्हणून बाजूला काढू नये, हा शब्द पाडायचा कारखाना आहे आणि त्यात वेगवेगळे साचे आहेत. कुठल्या साच्यात शब्द घातला त्यावर बाहेर काय येईल ते ठरतं.

मला सगळ्यात आवडलेला साचा आवाजांचा आहे. तॅक़ॅतॅक़ म्हणजे दारावरची टकटक. चिर्पॅचिर्प म्हणजे कुजबुज. गिर्मॅगिर्म म्हणजे ढगांचा गडगडाट. ख़ुऱॅख़ुऱ म्हणजे पाण्याची खळखळ. गीज़ॅगीज़ म्हणजे माशीची गुणगुण. नाळॅनाळ म्हणजे कण्हणं. पिर्ख़ॅपिर्ख़ म्हणजे घोरणं. प्रत्येकात मध्ये तो ॅ आहे, बघा. आणि हे सगळे पक्के नाम आहेत, 'ख़ुऱॅख़ुऱी आव' म्हणजे पाण्याची खळखळ, यातला ई म्हणजे आपला 'ची', तो नामालाच लागतो.

मराठीत खळखळ, कटकट, वटवट, कुजबुज, किलबिल हे सगळे स्त्रीलिंगी नाम आहेत हे मला ही वही लिहिताना पहिल्यांदा जाणवलं. तुमच्या बोलीतली उदाहरणं टाका, आणि कुणाचा कुर्दी, फारसी, तुर्कीशी संबंध आला असेल तर जरूर लिहा.


चाफेकळी

वा, मस्त धागा. 'जार जार'वरून लगेच आठवलं, आपलं 'कधी कधी' तसंच आहे की. 'कधी' हा प्रश्न, 'कधीकधी' म्हणजे क्वचित. मधून आणि मधूनमधून. उलट 'परत परत' किंवा 'सारखं सारखं' म्हणजे जास्त. म्हणजे आपल्याकडेही दुप्पट केल्यावर कधी कमी होतं कधी वाढतं, आणि तरी बोलताना कुणाचा गोंधळ होत नाही, चार वर्षांचं पोर पण बरोबर वापरतं.

कुन कुन बद्दल एक फरक दिसतोय मला. आपण 'भोकं भोकं पडलीत', 'तुकडे तुकडे झाले', 'चिंध्या चिंध्या केल्या', 'ठिपके ठिपके असलेली साडी' असं म्हणतो, म्हणजे आधी अनेकवचन करतो मग दोनदा म्हणतो. एक तुकडा तुकडा झाला असं कुणी म्हणत नाही. कुर्दीत साधा एकवचनीच शब्द घेतात का?


रानजाई

चाफेकळी, हो, अगदी बरोबर टिपलंत. तिकडे मूळ शब्द जसाच्या तसा घेतात. पार्चॅ पार्चॅ, लॅत लॅत (पार्चॅ आणि लॅत म्हणजे तुकडा), चीन चीन (चीन म्हणजे थर, चीन चीन म्हणजे थरांचं), ख़ाळ ख़ाळ (ठिपक्याठिपक्यांचं). अनेकवचनाचा 'आन' प्रत्यय त्यांच्याकडे आहे पण तो इथे येत नाही. अनेकपणाचं काम दुसरी प्रतच करते म्हणून असेल.


खडूफळा

लेख वाचला. एक शंका आहे, आणि ती विरोध म्हणून घेऊ नका. कॅम कॅम (थोडं थोडं), पार्चॅ पार्चॅ, रोज़ बे रोज़ (दिवसेंदिवस) हे सगळं फारसीतही आहे. शेजारची एवढी मोठी भाषा, शेकडो वर्षांचा दरबार, मग हे कुर्दीचं स्वतःचं कसं म्हणायचं? उद्या कुणी म्हणेल मराठीतलं रूबरू मराठीचा साचा आहे.


रानजाई

खडूफळा, शंका रास्त आहे. काही शब्द दोन्हीकडे आहेत आणि दोन्ही भाषा एकाच कुळातल्या असल्यामुळे प्रत्येक वेळी उसना म्हणायचीही गरज नाही. पण साचे बघितले तर फरक दिसतो. फारसीत कुजबुजीला 'पेच-पेच' आणि सळसळीला 'ख़ेश-ख़ेश' म्हणतात, नुसतं दोनदा, मध्ये काही नाही. सोरानीत तोच आवाज 'ख़िशॅख़िश' होतो. मधला ॅ हा सोरानीचा आहे.

दुसरा साचा 'आव'चा. माळ म्हणजे घर, माळावमाळ म्हणजे घरोघर. दॅस्त म्हणजे हात, दॅस्तावदॅस्त म्हणजे या हातातून त्या हातात. शार म्हणजे शहर, शारावशार. जोर म्हणजे प्रकार, जोरावजोर म्हणजे नाना प्रकारचे. ऱॅंगावऱॅंग म्हणजे रंगीबेरंगी. फारसीत या जागी 'आ' असतो, सर-आ-सर, लब-आ-लब. आणि आपल्याकडे याच जागी ओ आहे! घरोघर, दारोदार, गावोगाव, हातोहात, रातोरात, गल्लोगल्ली. दोन शब्दांच्या मध्ये एक स्वर घालून फिरतेपणा, एकामागून एक असणं दाखवायचं, ही कल्पना तिन्हीकडे आहे पण स्वर ज्याचा त्याचा.

यात माझ्या वहीतलं सगळ्यात लाडकं पान म्हणजे 'पिश्तावपिश्त'. पिश्त म्हणजे पाठ, संस्कृत पृष्ठ, तेच मूळ जे आपल्या 'पाठ' शब्दाचं. आणि आपण काय म्हणतो? पाठोपाठ! तोच शब्द, तीच रचना, दोन्ही बाजूंना स्वतंत्रपणे. पण अर्थ वेगळे झाले. आपलं पाठोपाठ म्हणजे लगोलग, मागच्या मागे. त्यांचं पिश्तावपिश्त म्हणजे पिढ्यानपिढ्या. एकाच्या पाठीमागे दुसरा, हे एका भाषेनं मिनिटांत मोजलं आणि दुसरीनं पिढ्यांत. दॅस्त आणि हात पण एकाच मुळाचे, संस्कृत हस्त, तेव्हा दॅस्तावदॅस्त आणि हातोहात हीसुद्धा तशीच जोडी.


पाठशाळा

रानजाईताई, पाठोपाठ वाचून राहवलं नाही म्हणून लॉगिन केलं.

ही रचना दोन्ही शाखांत असण्याचं आश्चर्य वाटायला नको, कारण मूळ फार जुनं आहे. ऋग्वेदाच्या पहिल्याच सूक्तात 'दिवेदिवे' येतं, म्हणजे दररोज. 'दमेदमे' म्हणजे घरोघर, तेही ऋग्वेदात आहे. यातल्या दुसऱ्या प्रतीला पाणिनीनं आम्रेडित असं नाव दिलंय आणि आठव्या अध्यायाची सुरुवातच 'सर्वस्य द्वे' या सूत्रानं केलीय, म्हणजे आख्ख्या पदाचं दोनदा होणं. पुढे कशासाठी दोनदा तर 'नित्यवीप्सयोः', सातत्य दाखवायला आणि वीप्सा म्हणजे प्रत्येकाला व्यापायची इच्छा दाखवायला. ज़ू ज़ू मध्ये सातत्य आहे आणि माळावमाळ मध्ये वीप्सा, इतकं चपखल बसतं.

आणि मध्ये स्वर लांबवून केलेली रचनासुद्धा संस्कृतात आहे, केशाकेशि, मुष्टामुष्टि, दण्डादण्डि. एकमेकांचे केस धरून चाललेलं भांडण ते केशाकेशि. पाणिनीनं त्यासाठी वेगळं सूत्र केलं. आपली मारामारी, हाणाहाणी, फेकाफेकी, ढकलाढकली, ओढाओढी त्याच घरातली वाटतात, मध्ये आ आणि शेवटी ई, आणि अर्थ एकमेकांवर केलेल्या क्रियेचा. पळापळ, रडारड, शोधाशोध यात शेवटचा ई नाही, आणि बघा, त्यात 'एकमेकांना' हा अर्थही नाही, सगळे मिळून करतात एवढंच.


चाफेकळी

अरे हो की! मारामारी दोघांत होते आणि पळापळ सगळ्यांची. ई काढला की भांडण संपलं. हे मला आयुष्यात कुणी सांगितलं नव्हतं. (धरपकड, जमवाजमव पण तपासून बघितले, त्यातही एकमेकांना असं काही नाही.)


सीमावासी

मी सोलापूरकडचा, आमच्याकडं घरात मराठी आणि दारात कानडी. मला बि- वर लिहायचंय. रानजाई, तुमच्या कुर्दीत चहाबिहा प्रकार हाय का नाही ते नाही लिहिलं तुम्ही.

आम्ही मराठीत चहाबिहा, पाणीबिणी, कामबिम म्हणतो आणि कानडीत तेच ग नं होतं, पुस्तक-गिस्तक, नीरु-गीरु. हिंदीवाले पानी-वानी, चाय-वाय म्हणतात. आता गंमत बघा, हिंदीत पहिलं अक्षर बदलतं पण स्वर तोच राहतो, चाय चा वाय. मराठीत स्वर पण जातो, चहा चा बिहा, काम चं बिम, गाडीची बिडी. सगळ्याचं इ. आणि कानडी, तेलुगू, तमिळमध्ये पण गि, म्हणजे तिथंही इ च. गुजराती शेजारी पाणी-बाणी म्हणतात, ब आपल्यासारखा पण स्वर हिंदीसारखा. म्हणून मला तर वाटतं की बि मधला ब आपला उत्तरेचा आणि इ दक्षिणेची. माझं मत हाय हे, पण दोन्ही भाषा रोज तोंडात असणाऱ्याला ते ऐकू येतं.


रानजाई

सीमावासी, आहे ना! तो मुद्दा मी मुद्दाम मागे ठेवला होता, कारण त्याची व्याप्ती मोठी आहे. कुर्दीत म येतो. नान म्हणजे भाकरी, नान उ मान म्हणजे भाकरीबिकरी. चाय उ माय. किताबेला कितेब म्हणतात, तर कितेब मितेब. पारॅ म्हणजे पैसा, पारॅ उ मारॅ. श्त म्हणजे वस्तू, श्त उ म्त. स्वर जागेवर राहतो, म्हणजे तुमच्या हिशेबात ते हिंदीच्या बाजूला.

सोरानीत मध्ये बहुतेक वेळा 'उ' येतो, म्हणजे आपलं 'आणि' किंवा 'न्'. चहान्बिहा म्हटल्यासारखं.

आणि यातून बाजारात चालणारा एक अख्खा शब्द तयार झालाय, 'श्तुमॅक'. श्त म्हणजे वस्तू आणि पुढे मॅक, ज्याला एकट्याला काही अर्थ नाही. श्तुमॅक म्हणजे माल, सामान. बातम्यांत मालाचे भाव वाढले म्हणताना हाच शब्द येतो, दुकानाच्या पाटीवर येतो. म्हणजे बोलण्यातलं सैल प्रतिध्वनी-रूप घट्ट होऊन शब्दकोशात जाऊन बसलं. 'कॅलुपॅल' तसाच, म्हणजे साहित्य, अवजारं, घरातलं सामानसुमान. आपल्याकडे सामानसुमान, भांडीकुंडी, कपडेलत्ते, धुणंभांडी आहेत पण त्यातलं एकही वाणिज्य खात्याच्या पत्रकात येणार नाही. कुर्दीत श्तुमॅक येतो.


उत्तरायण

मी जर्मनीत, कोलोनजवळ राहते. इथे कुर्दी लोक खूप आहेत, बहुतेक तुर्कस्तानातून आलेले, म्हणजे कुर्मांजी बोलणारे. आमच्या कोपऱ्यावरचं भाजीचं दुकान दियारबकीरच्या एका कुटुंबाचं आहे. दुकानातल्या आजी सुट्टे पैसे मोजताना मला घाई झालेली दिसली की 'हेदी हेदी' म्हणतात, म्हणजे हळू हळू, सावकाश. मला ते इतकं ओळखीचं वाटलं की अर्थ विचारावाच लागला नाही, त्यांच्या हातावरून आणि लयीवरून कळलं.

कुर्मांजीत 'कधीकधी'ला 'जारजारान' म्हणतात, म्हणजे जार जार आणि पुढे आन, रानजाईंचाच शब्द पण शेपूट लावून. 'गाव बि गाव' म्हणजे पावलापावलानं (गाव म्हणजे पाऊल, आपलं गाव नव्हे), 'रोझ बि रोझ' म्हणजे दिवसेंदिवस, 'येक बि येक' म्हणजे एकेक करून. सोरानीत 'बॅ' येतो तिथे इकडे 'बि'. आणि कितेब मितेब, चाय माय इकडे मध्ये काही न घालता म्हणतात, तुर्कीत जसं किताप मिताप, चाय माय. तुर्की, फारसी, आर्मेनियन, जॉर्जियन, कुर्दी, या सगळ्या पट्ट्यात म आहे, कुळं वेगवेगळी असूनही. म्हणजे सीमावासी म्हणतात तसं, हे शेजाराशेजारानं पसरतं. जर्मनांना मात्र यातलं काही जमत नाही, त्यांना 'वगैरे' म्हणावं लागतं.

एक भर. तुर्कस्तान आणि सीरियातली कुर्मांजी रोमन लिपीत लिहितात, जेलादेत बदिरख़ान यांनी 1932 मध्ये हावार नियतकालिकातून आणलेल्या वर्णमालेत. सोरानी अरबी वळणाच्या लिपीत, पण त्यात जवळजवळ प्रत्येक स्वराला अक्षर आहे. त्यामुळे रानजाई म्हणतात तो मधला ॅ कागदावर स्पष्ट दिसतो, फारसीसारखा अंदाजानं वाचावा लागत नाही.


खडूफळा

रानजाई, फारसीच्या मुद्द्यावर तुमचं उत्तर पटलं. आता एक अडचण तुमच्याच उदाहरणांत आहे ती मांडतो. तॅक़ॅतॅक़ मधला ॅ तुम्ही दोन शब्दांमधला दुवा समजताय. पण माझ्याकडे जुना सोरानी शब्दसंग्रह आहे त्यात 'तॅक़ॅ' हा स्वतंत्र शब्द दिलाय, अर्थ बार, गोळीचा आवाज. 'नाळॅ' म्हणजे कण्हण्याचा आवाज. 'गिर्मॅ' म्हणजे धडाका. 'क़ीझॅ' म्हणजे किंकाळी. मग मधला ॅ दुवा कसा? तो पहिल्या शब्दाचाच शेवटचा अवयव आहे. पहिला शब्द पूर्ण आणि दुसऱ्याची शेपटी कापलेली. तॅक़ॅ अधिक तॅक़. मला तर हे सरळ दिसतंय.


रानजाई

खडूफळा, हेच मी सरांना विचारत बसले होते आणि त्यांनी एक जोडी फळ्यावर लिहिली, ती इथे देते कारण त्यात सगळं आहे.

पॅलॅ म्हणजे घाई (साधा ल). पॅलॅपॅल म्हणजे धांदल, घाईगर्दी. 'पॅलॅपॅल मॅकॅ' म्हणजे धांदल करू नकोस. हा 'मॅ' म्हणजे संस्कृतातला नकाराचा 'मा' बरं का.

पॅळॅ म्हणजे डाग (जाड ल). पॅळॅपॅळॅ म्हणजे डागाडागांचं, डागाळलेलं.

दोन्ही शब्द कानाला जवळजवळ सारखे, दोन्हींच्या शेवटी ॅ. पण घाईच्या बाबतीत दुसरी शेपटी कापली गेली आणि डागाच्या बाबतीत ती राहिली. का? कारण एका साच्यातून नाम काढायचंय, चालू असलेल्या गडबडीचं, आणि दुसऱ्यातून विशेषण काढायचंय, पसरलेल्या गोष्टीचं. पार्चॅ पार्चॅ मध्येही शेपटी राहते, तेही तुकडे पसरलेले. म्हणजे शेपटी कापली तर क्रिया किंवा आवाज, शेपटी ठेवली तर पसारा. आम्रेडितात काय कापलं त्यावर अर्थ ठरतो, हे मला फार सुंदर वाटलं.

पण तुमचं विश्लेषण सगळीकडे लागू होत नाही. शॅल म्हणजे लंगडा, आणि शॅलॅशॅल म्हणजे लंगडत चालणं. इथे शॅल ला स्वतःची शेपटी नाही, तरी मध्ये ॅ आला. लार म्हणजे तिरका, कललेला, आणि लारॅलार म्हणजे डुलत डुलत चाल. तेव्हा मला असं दिसतं की सुरुवात तुम्ही म्हणता तशी झाली, नाळॅ पासून नाळॅनाळ, आणि मग लोकांच्या कानाला तो मधला ॅ हीच साच्याची खूण वाटायला लागली, आणि ज्यांना शेपटी नव्हती त्यांनाही तो मिळाला.


पाठशाळा

भाषा अशाच चालतात. आपलं दिवसेंदिवस घ्या. त्यात दिवसें ही जुनी विभक्ती आहे, आज आपण दिवसें असं सुटं कुठेच वापरत नाही, पण जोडात ते घट्ट बसलंय. घरोघर मधला ओ तरी आज वेगळा काढून कोण वापरतो? पण नवा शब्द करायचा तर तो चालतो, सोसायटीत परवाच ऐकलं, 'फ्लॅटोफ्लॅटी जाऊन वर्गणी घ्या'. साचा जिवंत आहे म्हणजे हेच.


चाफेकळी

फ्लॅटोफ्लॅटी! आमच्याकडे 'बिल्डिंगोबिल्डिंगी' असं नाही म्हणत पण ऐकलं तर लगेच कळेल.

रानजाई, लंगडत लंगडत, हसत हसत, जाता जाता, बसून बसून, हे जे आपण क्रियापद दोनदा म्हणतो ते कुर्दीत आहे का? म्हणजे 'शॅलॅशॅल' तसं वाटतंय पण ते लंगडा पासून झालंय, लंगडणे पासून नाही.


रानजाई

चाफेकळी, इथे वाटा वेगळ्या होतात. हसत हसत ला सोरानीत 'बॅ पेकॅनीनॅवॅ', म्हणजे 'हसण्यानिशी' अशी रचना येते, शब्द दोनदा येत नाही. क्रियापदाचं असं रूप दोनदा म्हणणं ही भारतातल्या भाषांची खासियत आहे, हिंदी, मराठी, कानडी, तमिळ सगळीकडे, कुळ कुठलंही असो. म्हणून माझ्या वहीत त्या बाजूला रिकामी पानं आहेत.

कुर्दीत क्रियापदांच्या जोड्या आहेत, पण दोन वेगळ्या क्रियापदांच्या. 'हातुचो' म्हणजे आला-नि-गेला, अर्थ येणंजाणं, आणि आजचा रुळलेला अर्थ वाहतूक. वाहतूक पोलिसांना 'पोलीसी हातुचो' म्हणतात! आपण ये-जा म्हणतो पण ये-जा पोलीस म्हणत नाही. 'बिग्रॅ उ बॅर्दॅ' म्हणजे पकड-नि-सोड, अर्थ हुज्जत, ओढाताण.


सीमावासी

ये-जा पोलीस काय वाईट हाय, वाहतूक पोलीसपेक्षा लवकर कळंल आमच्या आजीला.

पण हातुचो मध्ये शब्द दोनदा कुठं आला? ते या धाग्यात बसतं का?


रानजाई

काटेकोर बघितलं तर नाही बसत, तो सामासिक शब्द आहे. पण सीमारेषा पुसट आहे, आणि पुसट आहे तिथेच मला जास्त गोडी वाटते. 'ऱेकुपेक' बघा. ऱेक म्हणजे सरळ, नीट. पेक ला इथे वेगळा अर्थ लावायला कुणी जात नाही, तो ऱेक चा पडसाद म्हणूनच ऐकू येतो. ऱेकुपेक म्हणजे नीटनेटकं. आपल्या नीटनेटकंमध्ये तरी नेटकं कितपत सुटं उरलंय? 'गॅर्मुगुऱ' म्हणजे उबदार, पाहुण्याचं स्वागत गॅर्मुगुऱ होतं, गॅर्म म्हणजे गरम. 'सार्दुसिऱ' म्हणजे गारठलेलं, थंड, सार्द म्हणजे थंड आणि सिऱ म्हणजे बधिर, म्हणजे इथे दुसऱ्या शब्दाला स्वतःचा अर्थ आहे, पण दोन्हींच्या सुरुवातीचा स एकच. 'तॅक़ुतोक़' म्हणजे गोळीबाराची धडाधड, यात तॅक़ चा स्वर बदलून तोक़ झाला. 'लॅतुपॅत' म्हणजे फाटून चिंध्या झालेलं.

म्हणजे एका टोकाला कुन कुन, हुबेहूब प्रत. मग नाळॅनाळ, शेपटी कापलेली प्रत. मग नान उ मान, पहिलं अक्षर बदललेली. मग तॅक़ुतोक़, स्वर बदललेली. मग सार्दुसिऱ, नुसत्या पहिल्या अक्षरानं बांधलेली, आणि शेवटी हातुचो, जिथे फक्त लय उरलीय. आपल्या शाळेतले तीन कप्पे यातल्या मधल्या जागा दाखवतच नाहीत आणि मुलांना वाटतं शब्द एकतर इथे नाहीतर तिथे.


खडूफळा

मी शिकवतो म्हणून सांगतो, परीक्षेच्या दृष्टीनं कप्पे लागतातच, पण वर्गात हा क्रम फळ्यावर मांडायला काहीच हरकत नाही. काळाकुट्ट, हिरवागार, लालभडक, पिवळाधमक कुठे टाकायचे यावर मुलं दरवर्षी भांडतात, कारण त्यात शब्द दोनदा येत नाही, तरी ते जोडशब्दांच्या यादीत असतात. त्यांना अशी रांग दाखवली तर निदान का भांडतोय ते कळेल.

आणि 'बरोबर' या शब्दाबद्दल इथे कुणीच लिहिलं नाही. फारसी बर-आ-बर, बर म्हणजे छाती. छातीला छाती लावून, म्हणजे समान, जोडीला. सोरानीत बॅरामबॅर म्हणजे समोर, समोरासमोर, आणि समान सुद्धा. आपलं उत्तर 'बरोबर' आलं म्हणतो किंवा 'माझ्याबरोबर चल' म्हणतो तेव्हा आपण एक अभ्यस्त शब्द बोलत असतो, आणि तो मध्ये ओ घेऊन घरोघर सारखा दिसायलाही लागलाय. सरासरी सुद्धा त्याच सरासर मधून आलेली.


उत्तरायण

खडूफळा, बरोबर मधल्या ओ बद्दल कधी विचारच केला नव्हता. बराबर चं बरोबर करताना आपण त्याला घरोघर, हातोहात च्या रांगेत बसवून टाकलं असं म्हणायला जागा आहे.

आज दुकानात आजींना माळावमाळ विचारलं. त्या कुर्मांजीवाल्या, त्यांनी लगेच दुरुस्त केलं, 'माल बि माल'. मग त्यांच्या नातवाला काम सांगितलं, पेट्या आत ठेव म्हणून, आणि तो धावत सुटला तर ओरडल्या 'हेदी हेदी!'


रानजाई

उत्तरायण, सोरानीतही 'माळ बॅ माळ' चालतं. सरांना आत्ताच दोन्हींतला फरक विचारला. त्यांच्या कानाला 'माळ बॅ माळ' म्हणजे एकही घर न सोडता, ओळीनं, जनगणनेचा माणूस फिरतो तसं, आणि 'माळावमाळ' म्हणजे या घरून त्या घरी, एका जागी न ठरता. आपल्याकडे 'घरटी' (घरटी शंभर रुपये वर्गणी) आणि 'घरोघर' असा भेद आहे तो याच्या जवळ जातो. सीमावासी, कानडीत घरोघर ला 'मने-मने' असं नुसतं दोनदा म्हणतात का मध्ये काही घालतात?


सीमावासी

'मनेमनेगू' म्हणतात आमच्याकडं, मने म्हणजे घर, दोनदा घर आणि शेवटी गू, म्हणजे घरा-घराला पण. मध्ये काही नाही, जे काही लागतं ते शेवटाला. आणि हळूहळू ला 'मेल्ल मेल्लगे', पहिला नुसता मेल्ल आणि गे फक्त दुसऱ्याला. तुमच्या नाळॅनाळच्या उलटं झालं की हे, तिकडं दुसऱ्याची शेपटी कापतात, इकडं पहिल्याची.